खरेदीखतातला आकडा

आमच्या गावात जमिनीला दोन भाव असतात. एक बोलायचा आणि एक लिहायचा. बोलायचा भाव बांधावर ठरतो, दोन्हीकडची चार माणसं बसवून, आणि एकदा दिलेला शब्द सहसा कुणी मोडत नाही. लिहायचा भाव ठरवावाच लागत नाही. तो सरकारने दरवर्षी छापून दिलेला असतो. त्याहून कमी लिहिलं तर नोंदणी अडते, आणि जास्त लिहायला कुणी वेडं नसतं, कारण आकडा वाढला की स्टॅम्प वाढतो. म्हणून सगळे सरकारी भावाला खरेदी करतात आणि उरलेली रक्कम हातात देतात. तिला आमच्याकडे ‘वरचे पैसे’ म्हणतात. यात आपण चोरी करतो असं कुणाला वाटत नाही. मलाही वाटत नव्हतं.

मी नगरला एका कॉलेजात क्लार्क म्हणून लागलो आणि पुढे हेडक्लार्क झालो. पाट्यांवर आता अहिल्यानगर लिहिलेलं असतं, पण माझ्या तोंडात अजून नगरच येतं. गाव राहुरीच्या पूर्वेला, मुळेच्या कालव्याचं पाणी जिथं पोचेपर्यंत दमतं त्या टोकाला. घरात शिकलेला मी एकटा, त्यामुळे कागदाचं काम माझ्याकडे. सातबारा, फेरफार, वारसनोंद, खरेदीखताचा मसुदा, सगळं. हळूहळू गावातली माणसंही येऊ लागली. रविवारी मी गावी गेलो की ओट्यावर दोन-तीन जण प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन बसलेले असायचे. मला ते आवडायचं. कॉलेजात मला प्राचार्य उभं करून बोलायचे, गावात मात्र माणसं माझा चष्मा पुसून होईपर्यंत थांबायची.

वडिलांना आम्ही नाना म्हणतो. सगळं गावच त्यांना नाना म्हणतं. चौथीपर्यंत शाळा, सही मोठ्या सुट्या अक्षरांत, आणि कागदाचा मनस्वी कंटाळा. आमची चार एकर होती. ऊस, कांदा, आणि जनावरांपुरता घास. बांधापलीकडे आमच्या शेजाऱ्यांची, ज्यांना आम्ही चाचा म्हणतो त्यांची, तीन एकर. त्यांच्या घराण्यात चार पिढ्या शेतीच, आणि चाचा नानांपेक्षा दोन-तीन वर्षांनीच लहान. विहीर दोघांची सामाईक. दोघांच्या मोटारी शेजारी शेजारी बसवलेल्या, आणि ज्याची मोटार जळेल त्याने ती दुरुस्त होऊन येईस्तोवर दुसऱ्याची वापरायची, असा नियम कधीतरी पडून गेला होता. त्यावरून त्यांचं भांडण झालेलं मी पाहिलं नाही. भांडण व्हायचं ते क्रिकेटवरून.

चाचांच्या मुलाला राहुरीत बेकरी टाकायची होती. त्यासाठी त्यांनी एक एकर विकायचं ठरवलं आणि पहिल्यांदा आम्हाला विचारलं. अठरा लाखाला बोलणं झालं. नानांनी उसाचे साठवलेले घातले, मी कॉलेजच्या सोसायटीचं कर्ज काढलं, आणि रक्कम जमली. सरकारी भाव सात लाख होता. मसुदा करताना मी सात लाख लिहिले आणि नानांना वाचून दाखवले.

“अठरा दिले ना?” नाना म्हणाले. “मंग अठरा लिव्ह की.”

मी हसलो. पंचावन्न हजार रुपये जास्त जातील म्हणून सांगितलं, आणि वर म्हणालो, “नाना, सगळे असंच करतात. तुम्ही फक्त सही करा.”

त्यांनी सही केली. चाचांनी केली. साक्षीदार म्हणून मी केली. वाचलेल्या पंचावन्न हजारांत आम्ही नव्या तुकड्यापर्यंत पाइपलाइन नेली, आणि ही हुशारी मी गावात चार ठिकाणी सांगितलीसुद्धा. त्यानंतर माझ्याकडे येणारी माणसं वाढली. प्रत्येकाला मी तोच सल्ला दिला.

पुढे तीन वर्षं व्हायच्या आतच नव्या रस्त्याची आखणी आमच्या शिवारातून गेली. आधी नुसत्या बातम्या होत्या, मग खुणेचे दगड आले, मग मोजणीची माणसं. मोजणीच्या दिवशी मी रजा काढून गेलो. नाना त्या लोकांना प्रत्येक झाड दाखवत होते, आंबा किती वर्षांचा, कुठला कलमी, कुठला कोयीचा. भूमी अभिलेखचा माणूस सगळं मुकाट्याने लिहून घेत होता. आमची पाचातली तीन एकर जाणार होती, त्यात चाचांकडून घेतलेली एकर पूर्ण. सामाईक विहीर जाणार होती. आणि चाचांची उरलेली दोन्ही एकर. म्हणजे त्या शिवारात त्यांच्या नावावर काहीच राहणार नव्हतं.

चाचा मोजणी होईपर्यंत बांधावर उकिडवे बसून होते. मी जवळ गेलो तर म्हणाले, “बराबर पैसे दिले तर कुठं तरी दोन एकर घेता येईल. गुडघे हायेत तवर करीन.” त्यांना दुसरं काही नको होतं. दोन एकरांच्या बदल्यात दोन एकर.

भाव कळला तेव्हा ते शक्य नाही हे स्पष्ट झालं. मूळ दर सात लाखांचा धरलेला, त्यावर कायद्याने मिळतं ते सगळं मिळवून एकरी चौदाच्या आसपास आकडा येत होता. चाचा आमच्या ओट्यावर आले. रागावलेले नव्हते, चक्रावलेले होते. “तीन वर्सांमागं तुमी मला अठरा दिले,” ते नानांना म्हणाले. “आज सरकार चौदा देतंय. आन् रस्ता येनार म्हनल्यापासून शेजारच्या गावात तिसाच्या खाली कोन बोलत न्हाई. ह्यो सात आनला कुठून?”

ते मी शोधून काढायचं ठरलं. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. उत्तर आलं त्या रविवारी ग्रामपंचायतीसमोर जमीन जाणारे सगळे शेतकरी जमले, आणि कागद वाचायला अर्थातच मी उभा राहिलो. कायदा असा होता की मागच्या तीन वर्षांत गावात झालेली खरेदीखतं काढायची, त्यातल्या वरच्या, म्हणजे जास्त भावाच्या, निम्म्यांची सरासरी धरायची आणि तो भाव. सोबत खरेदीखतांची यादी जोडलेली होती. मी स्पष्ट, मोठ्या आवाजात वाचत गेलो. गट नंबर, क्षेत्र, मोबदला. अकरा खतं होती. सगळ्यांचा भाव एकरी सात, नाहीतर सातच्या पाच-पंचवीस हजार इकडेतिकडे. नववा गट नंबर वाचला आणि तिथंच थांबलो.

“ह्यो तर नानांचा गट,” पुढच्या रांगेतला एक म्हातारा शेतकरी म्हणाला.

मग मागून एकजण, काही फार वाईट मनात न धरता, म्हणाला, “रस्त्याला लागून एवढं एकच खत हाय. म्हंजे नानांनीच भाव बसवला म्हनायचा.” थोडं हसू झालं. यादीतल्या अकराही खतांत हेच होतं, आणि तिथं बसलेल्या निम्म्या माणसांनी कधी ना कधी हेच केलं होतं. त्या अकरांपैकी चारांचे मसुदे माझ्या हातचे होते. मी ते सांगितलं नाही. मी उरलेली दोन खतं वाचली आणि कागदाची घडी घातली.

घरी आल्यावर नानांनी चप्पल काढायच्या आत विचारलं, “चाचाला आपल्या कागदामुळं कमी मिळनार का?”

मी सरासरी म्हणजे काय ते सांगू लागलो. वरची निम्मी खतं, त्यातलं आपलं एक, म्हणजे एकट्या आपल्यामुळे असं नाही.

“सरळ सांग. व्हय का न्हाई?”

“हो,” मी म्हणालो.

ते आत गेले आणि त्या दिवशी माझ्याशी पुन्हा बोलले नाहीत. त्यांनी मला चार शिव्या घातल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

हरकती ऐकण्यासाठी नगरला सुनावणी लागली. गावातल्या लोकांनी मिळून एक वकील केला होता, राहुरीतला, आमच्या ओळखीतला, साठीचा, कमी बोलणारा. नाना त्याच्यासमोर बसून म्हणाले की मी साहेबापुढं खरा भाव सांगणार. वकिलाने टेबलावरची फाइल मिटली. तोंडाने सांगितलेला भाव कुणी मानत नाही, तो म्हणाला, खरा तो कागदावरचा. उलट तुम्ही कबूल केलंत की स्टॅम्प बुडवला म्हणून दंड बसेल. गावाला फायदा शून्य, तुम्हाला तोटा.

मी लगेच वकिलाची बाजू घेतली. मला कायदा पटला होता असं मी तेव्हा स्वतःला सांगत होतो. खरं कारण वेगळं होतं. त्या खतावर साक्षीदार म्हणून माझी सही होती, माझी नोकरी अनुदानित कॉलेजातली होती आणि निवृत्तीला चार वर्षं उरली होती. मी घाबरलो होतो, दुसरं काही नाही.

नाना म्हणाले, “दंड भरू. पन एकट्याला सांगता यायचं न्हाई. पैसे घेनारा दुसरा हाय.”

त्याच दिवशी राहुरीहून परत येताना आम्ही चाचांकडे गेलो. ते दारात खाट टाकून बसले होते. नानांनी काही प्रस्तावना केली नाही. “साहेबापुढं खरा आकडा सांगावा म्हनतो. तुमचं बी नाव येईल. अकरा लाख हातात घेतले म्हनून तुमाला बी इचारतील. तुमी नको म्हना, मी गप बसतो.”

चाचांनी बराच वेळ खाटेची सुटलेली दोरी बोटाला गुंडाळली आणि सोडली. त्यांची सून आतून चहा घेऊन आली, कप ठेवून गेली. अकरा लाखांतली पै न पै त्या बेकरीच्या भट्टीत आणि जागेच्या पागडीत गेली होती. मुलाला त्रास होईल का, एवढंच त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, सांगता येत नाही. ते खरं होतं.

“नाना,” ते शेवटी म्हणाले, “दिले तुमी आन् घेतले मी. गुन्हा दोघांचा हाय, तर सांगायचं बी दोघांनी. तुमी एकटे उभे ऱ्हायले आन् मी घरी बसलो, तर मी दोन एकर घेऊन करू काय?”

सुनावणीच्या दिवशी आम्ही सकाळच्या एसटीने निघालो. कार्यालयाच्या व्हरांड्यात आमच्यासारखे पन्नासेक लोक होते, नेवाशाकडचेही काही. आमचा क्रमांक दुपारी जेवणाच्या सुटीनंतर आला. अधिकारी बाई तरुण होत्या, चेहऱ्यावरून दमलेल्या. वकिलाने विहीर, पाइपलाइन, आंब्याची झाडं, बागायत नोंद, असे मुद्दे मांडले. बाई मान डोलवत टिपून घेत होत्या. तेवढ्यात नाना खुर्चीतून उठले. शेजारून चाचा उठले.

“बाई, मला बोलायचंय. यादीत नववा कागद हाय त्यो माझा. त्यात सात लाख लिव्हलंय. मी अठरा दिलेत. हे उभे हायेत त्यांनाच दिले.”

“घेतले,” चाचा म्हणाले.

वकील चटकन म्हणाला, “मॅडम, वय झालंय, त्यांचं म्हणणं एवढंच की बाजारभाव जास्त...”

“माझं म्हननं मी सांगितलंय,” नाना म्हणाले.

बाईंनी पेन खाली ठेवलं. आवाज जरा खाली आणून त्या म्हणाल्या, “काका, हे मी लिहून घेतलं तर मला पुढे पाठवावं लागेल. तुमच्यावरच येईल. लिहू का?”

“लिव्हा.”

“दोघांचंही?”

चाचांनी मान हलवली. बाजूला संगणकावर बसलेल्या मुलीने टाइप करायला सुरुवात केली. मग बाईंनी विचारलं, “सात लाखाचा आकडा कुणी ठरवला होता? मसुदा कुणी केला?”

मी मागच्या रांगेत मांडीवर फाइल घेऊन बसलो होतो. नानांनी वळून पाहिलं नाही. “मीच,” ते म्हणाले. “मलाच हाव सुटली.”

चाचांना सगळं माहीत होतं. मसुदा मी केला तेव्हा ते समोरच बसलेले होते. ते गप्प राहिले. मीही गप्प राहिलो. उठायला एक क्षण पुरला असता आणि मला तसे पुष्कळ क्षण मिळाले, कारण टाइप करणारी मुलगी सावकाश होती. कागद बाहेर आला, दोघांनी सह्या केल्या आणि पुढचा क्रमांक पुकारला गेला.

परतीच्या एसटीत मी नानांच्या शेजारी बसलो होतो. चाचा पुढच्या सीटवर डोळे मिटून. मी म्हणालो, “माझं नाव का नाही घेतलं?”

“तुजी नोकरी हाय,” नाना खिडकीबाहेर बघत म्हणाले. “आन् सही माजीच हाय.”

निवाडा आला तो वकील म्हणाला होता तसाच. मूळ दर सातच. झाडांचे आणि विहिरीचे थोडे वाढवले होते. आमच्या हरकतीपुढे एक ओळ होती की अर्जदारांनी आपल्या म्हणण्याच्या पुष्ट्यर्थ कागदोपत्री पुरावा सादर केलेला नाही. गावात काहीजण म्हणाले की नानांनी उगाच अंगावर घेतलं. पैसे उचलताना सहीच्या वर ‘हक्क राखून’ असं लिहिलं नाही तर पुढे कोर्टात जाता येत नाही, हे मला माहीत होतं. म्हणून मी घरोघर जाऊन प्रत्येकाला ते लिहायला लावलं. त्या सबंध प्रकरणात तेवढं एक काम मी नीट केलं.

मग मुद्रांक कार्यालयाची नोटीस आली, नानांच्या नावाने. सुनावणीतला जबाब तिकडे पोचला होता. खरी रक्कम अठरा लाख असताना सात लाख दाखवल्याबद्दल कमी पडलेलं शुल्क आणि दंड का वसूल करू नये, याचा खुलासा मागितला होता. मी लढायचं म्हणत होतो. जबाब दबावाखाली दिला असं म्हणता येईल, काहीतरी करता येईल. नानांनी मला लिहायला बसवलं आणि स्वतः मजकूर सांगितला. “हाय ते कबूल हाय. किती भरायचे ते कळवा.” एवढाच.

दंड धरून रक्कम मूळ वाचवलेल्या पैशांच्या जवळपास दुप्पट झाली. नानांनी जमिनीच्या आलेल्या पैशांतून ती सगळ्यात आधी भरली. चाचा अर्धा दंड द्यायला आले होते. स्टॅम्प जमीन घेणाऱ्याने भरायचा असतो, असं म्हणून नानांनी त्यांना परत पाठवलं. त्या वेळेपर्यंत विहीर बुजवली गेली होती. चाचांची मोटार आमच्या गोठ्यात येऊन पडली होती, कारण त्यांच्याकडे ती बसवायला जागा नव्हती. निवाड्याच्या पैशांत त्यांना आसपास कुठे दोन एकर मिळत नव्हती. ते सकाळी राहुरीला बेकरीवर जायचे आणि पाव मोजून द्यायचे. मला एकदा म्हणाले, “पोरगं म्हनतं बसून खा. बसून पाय सुजत्यात.”

दंड भरल्यावर मुद्रांक कार्यालयाचा आदेश आला. मी तो वकिलाकडे नेऊन दिला, फाइलला लावायचा म्हणून. त्याने तो उभ्यानेच वाचला, मग बसून परत वाचला. आदेशात स्वच्छ लिहिलं होतं की सदर मिळकतीचा प्रत्यक्ष मोबदला अठरा लाख रुपये होता असे सिद्ध होत असल्याने त्यानुसार शुल्क आकारण्यात येत आहे. खाली सही, शिक्का, जावक क्रमांक.

“घेताना अठरा आणि देताना सात,” वकील म्हणाला. तो सहसा हसत नाही. “हा सरकारचाच कागद आहे. आता पुरावा नाही असं नाही म्हणता यायचं.”

कोर्टात वाढीव मोबदल्याचे अर्ज दाखल झाले, आमचा, चाचांचा आणि गावातल्या बाकीच्यांचे. ज्यांनी नानांवर ‘भाव बसवला’ म्हणून टोमणा मारला होता ते त्या आदेशाची झेरॉक्स मागायला आले. नानांनी दिली. सगळे अर्ज एकत्र चालणार होते आणि सगळ्यांचा आधार तो एकच व्यवहार. ते खत खोटं आणि वरचा व्यवहार खरा, हे नाना आणि चाचांना शपथेवर सांगायचं होतं.

तारखा पडत गेल्या. पुराव्याची तारीख यायला दीड वर्ष गेलं. रस्ता तोवर आमच्या शिवारातून निघून पार पुढे गेला होता आणि आमच्या उसाच्या जागी मुरमाचा उंच भराव होता. तारखेच्या आदल्या आठवड्यात वकिलाने आम्हाला बोलावून उलटतपासणीत काय विचारतील ते सांगितलं. एक प्रश्न हमखास येईल, तो म्हणाला, आकडा कुणी ठरवला. “नाना, तुम्ही जबाबात स्वतःचं नाव सांगितलंय. तेच सांगा. फरक पडला की ते धरतील.”

“शपत असती ना?” नानांनी विचारलं.

“असते.”

नानांनी आयुष्यात कागदाला फार किंमत दिली नाही, पण शपथ त्यांच्यासाठी वेगळी गोष्ट आहे. माझ्या लहानपणी एका बांधाच्या भांडणात त्यांनी देवळात शपथ घ्यायचं नाकारलं होतं. चार हात जमीन गेली, पण खात्री नव्हती म्हणून शपथ घेतली नाही. सुनावणीत सगळं खरं सांगायला गेलेल्या नानांनी एकच गोष्ट खोटी सांगितली होती, आणि ती माझ्यासाठी. मी अडीच वर्षं ते माहीत असून गप्प होतो. कुणी विचारलं नाही म्हणून.

मी वकिलाला म्हणालो, “माझी साक्ष आधी घ्या. खतावर साक्षीदार मीच आहे.”

“तुमची नोकरी?” तो म्हणाला.

“दीड वर्ष राहिलंय. काय व्हायचं ते होईल.”

नानांनी माझ्याकडे पाहिलं.

तारखेला साक्षीदारांना बाहेर थांबवतात, म्हणून नाना आणि चाचा व्हरांड्यातल्या बाकावर बसले आणि मी आत गेलो. शपथ घेतली. मसुदा मी केला, सात लाखाचा आकडा मी घातला, नाना अठरा लिही म्हणत होते आणि मी त्यांना गप्प केलं, असं सांगितलं. सांगायला तीन मिनिटं लागली असतील. मग सरकारी वकील उठले.

“म्हणजे शासनाचा महसूल बुडतो हे माहीत असून तुम्ही हे केलं?”

“हो.”

“इतरांनाही असाच सल्ला दिला?”

“हो. यादीतली आणखी तीन खतं माझ्या हातची आहेत.”

मागे गावातले लोक बसले होते. त्यातल्या तिघांच्या माना खाली गेलेल्या मला न बघता कळल्या.

“फायद्यासाठी तुम्ही तेव्हा खोटं लिहिलं. आज फायदा आहे म्हणून वेगळं सांगताय. तुमच्यावर कोर्टाने विश्वास का ठेवावा?”

याचं उत्तर आम्ही तयार केलेलं नव्हतं. मी म्हणालो, “माझ्यावर ठेवू नका. मुद्रांकवाल्यांनी अठरा लाख धरून दंड घेतलाय. तो खोटा असेल तर परत करा. खरा असेल तर तोच भाव आमच्या जमिनीला लावा.”

न्यायाधीशांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि माझं वाक्य जसंच्या तसं लिहून घ्यायला सांगितलं. त्या अर्जांचा निकाल अजून लागायचा आहे. काय लागेल ते मला माहीत नाही, आणि चाचांचे गुडघे तोवर थांबतील की नाही तेही माहीत नाही.

मी बाहेर आलो. चाचांनी बाकावर सरकून मला जागा करून दिली. नानांनी विचारलं, “काय सांगितलंस?”

“आकडा मी घातला म्हणून सांगितलं.”

नाना म्हणाले, “लई उशीर केला.”

“हो,” मी म्हणालो.

“तू सांगनार का न्हाई, मला शेवटपर्यंत म्हाईत नव्हतं. वकिलापुढं बोललास, पन आत जाऊन बोलशील का, कोन जाने. म्हनून मी ठरवून आल्तो. आज बी मीच म्हननार हुतो.”

“शपथ घेऊन?”

“व्हय,” नाना म्हणाले. “शपत घेऊन.”

शिपायाने दारातून त्यांच्या नावाचा पुकारा केला. नाना उठले, टोपी काढून परत नीट बसवली, आणि आत गेले.